पिशवीचा पैसा कोणाच्या खाती?

दुकानातील प्लॅस्टिकच्या पिशवीवर आयर्लंडने ४ मार्च २००२ पासून १५ सेंटचे शुल्क बसविले. पिशव्यांचा वापर वर्षभरातच ९० टक्क्यांहून अधिक घटला आणि जमा रक्कम कायद्यानेच पर्यावरण निधीकडे वळविण्यात आली. इंग्लंडमध्ये ५ ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या विक्रेत्यांना ५ पेन्स आकारणे बंधनकारक झाले; परंतु हा कर नव्हे. रक्कम दुकानदाराकडेच राहते. ती सत्कार्याला द्यावी, ही केवळ अपेक्षा. टेस्कोने त्यातून उद्याने व मोकळ्या जागांच्या सुधारणेस अनुदाने दिली. २०१७ मध्ये एकदाच वापरायच्या पिशव्या बंद केल्यावर टिकाऊ पिशव्यांच्या विक्रीतून हा उपक्रम पुढे चालविला. हे निःसंशय स्तुत्य आहे. तथापि, पैसा ग्राहकाचा आणि दातृत्वाचे श्रेय दुकानाचे, हा जमाखर्च काहीसा विचित्रच म्हणावा लागेल! त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. ग्राहक घरूनच पिशवी आणू लागला की निधी आटतो. कचरा उचलण्याचे काम मात्र थांबत नाही. असे काम पिशव्यांच्या खपावर सोपविले, तर तो खप वाढण्यातच सर्वांचे हित गुंतते. विक्रेत्यांनी पिशव्यांचा हिशेब स्वतंत्र ठेवून दुकानाच्या दर्शनी भागी लावावा आणि स्वच्छतेसाठीची वार्षिक तरतूद आपल्या नफ्यातून करावी.