समुद्राची भीती असू दे, पण पोहता येऊ दे

कुरुंदवाडच्या माणसाला पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पंचगंगा गावाच्या उशाला, कृष्णा हाकेच्या अंतरावर आणि दोघींचा संगम शेजारच्या नृसिंहवाडीत. पावसाळ्यात नदीचं पाणी वाडीच्या दत्त मंदिरात शिरून दक्षिण दरवाजाने बाहेर पडू लागलं की त्या पाण्यात स्नान करायला गर्दी होते. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. आमच्या गावातल्या मशिदींमध्ये गणपती बसतो, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. तो गणपती शेवटी नदीलाच जातो, आणि मोहरमचे पंजेही नदीलाच जातात. सण, शेती, पिण्याचं पाणी, सगळं नदीभोवती. तरीही आमच्या मोहल्ल्यातल्या पंचविशीच्या आतल्या किती जणांना पोहता येतं हे मोजायला बसलं, तर हाताची बोटं पुरून उरतात. मुलींचं मोजायला घ्यायचीही गरज पडत नाही.

हीच मुलं-मुली शिकून पुण्याला, मुंबईला जातात. हिंजवडीत नोकरी लागते, कंपनीची सहल अलिबागला किंवा तारकर्लीला निघते, आणि नदीकाठी वाढलेला आमचा पोरगा गुडघाभर पाण्यात पँट दुमडून उभा राहतो. पोरगी किनाऱ्यावर सगळ्यांच्या बॅगा आणि चपला सांभाळत बसते. समुद्राची भीती म्हणजे नक्की काय, ते मला माहीत आहे. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते, टाचा खचतात आणि क्षणभर वाटतं की जमीनच आपली नाही. नदीला पलीकडचा काठ असतो, समुद्राला दिसत नाही. मी तिशी ओलांडल्यावर पुण्यातल्या एका तलावात पोहायला शिकलो, पण ती भीती अजूनही गेलेली नाही. ती जावी असंही मला वाटत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. भीती वाटणं हा दोष नाही. पण त्या भीतीचं आपण समाज म्हणून काय करतो, हे तपासायला हवं.

१ फेब्रुवारी २०१६ हा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाची सहल मुरुडला गेली होती. समुद्रात उतरलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यात मुली जास्त होत्या. बरीच मुलं संगणक शाखेची होती, म्हणजे आज माझ्या शेजारच्या टेबलावर बसून काम करत असती अशी. जबाबदारी कोणाची, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. माझ्या ओळखीच्या घरांमधून मात्र एकच निष्कर्ष निघाला: मुलींना सहलीला पाठवायचं नाही. या मुलांना पाणी कधी शिकवलं का गेलं नव्हतं, हा प्रश्न मला त्या दिवसांत कोणाच्या तोंडून ऐकू आला नाही.

आमच्याकडे आयांच्या तोंडी एक वाक्य असतं: "तैरना आए बगैर पानी में नको उतर." ऐकताना हसू येतं, कारण पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येणार कसं? पण या एका वाक्यावर आपण दोन पिढ्या काढल्या आहेत.

आधीच्या पिढीचं असं नव्हतं. आमच्या आजोबांच्या वयाची माणसं विहिरीत शिकली. पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा आणि काकाने वरून ढकलून द्यायचं. पद्धत रांगडी होती, पण शिकवणारा माणूस पाण्यात असायचा. पुढे बोअर आल्या, विहिरी पडक्या झाल्या किंवा बुजल्या. पंचगंगेची अवस्था तर तेरवाड बंधाऱ्यावर जाऊन पाहा. वरच्या शहरांचं सांडपाणी, उद्योगांचं रसायन, त्यावर केंदाळ, आणि मधूनच मेलेल्या माशांचा खच. त्या पाण्यात कोणी आपल्या लेकराला कसं उतरवावं? जुनी शाळा बंद पडली आणि नवी उघडलीच नाही. मुलींसाठी तर जुनी शाळाही क्वचितच उघडी होती.

कोणी म्हणेल, समुद्र आमच्यापासून इतका लांब, मग ही चर्चा कशाला? याचं उत्तर पुराने दिलेलं आहे. २००५, २०१९, २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुका पाण्याखाली गेला, कुरुंदवाडला वेढा पडला आणि आमचे रस्तेच नदी झाले. त्याच पुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बहुतेक बायका आणि लहान मुलं. ही माणसं हौसेने पाण्यात उतरली नव्हती. जीव वाचवायला निघाली होती. तुम्ही पाण्याकडे जात नसाल, तर आमच्या भागात पाणी तुमच्याकडे येतं. पूर आलेल्या नदीच्या ओढीत चांगला पोहणाराही हतबल होतो, हे खरं. पण पाण्यावर निवांत तरंगता येणं, घाबरून शेजारच्याच्या गळ्यात हात न टाकणं आणि काही मिनिटं तग धरणं, यावर कधी कधी मदत पोहोचेपर्यंतचं अंतर कापलं जातं.

देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. जगात २०२१ या एका वर्षात हा आकडा सुमारे तीन लाख होता, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा बुडून होणारे मृत्यू रोखण्याचा दिवस म्हणून जाहीर केला. आपल्याकडे मात्र बुडणं ही अजूनही "नशिबाची गोष्ट" आहे.

इथे दीनचा विषय येतो, आणि तो टाळून चालणार नाही. बुडून मेलेल्याला शहीद म्हटलेलं आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत तशी हदीस आहे. जनाज्याच्या वेळी हे सांगितलं जातं तेव्हा आई-बापाला खरोखर आधार मिळतो. पण तो दिलासा मागे राहिलेल्यांसाठी आहे. जिवंत असलेल्यांनी निष्काळजी राहावं म्हणून तो दिलेला नाही. आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही तिरमिझीतली शिकवण आपण प्रत्येक बयानात ऐकतो. पाण्याच्या बाबतीत उंट बांधणं म्हणजे पोहणं शिकणं. हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जातं की त्यांनी लोकांना आपल्या औलादीला पोहणं, नेमबाजी आणि घोडेस्वारी शिकवायला सांगितलं होतं. आता औलाद या शब्दाकडे नीट पाहा. सूरह निसामध्ये वारसाहक्काची आयत औलाद म्हणते आणि लगेच मुलगा आणि मुलगी दोघांचा हिस्सा सांगते. वारसाहक्क सांगताना जो शब्द दोघांसाठी आहे, तो पोहणं शिकवताना फक्त मुलांपुरता कसा होतो?

मुलींच्या बाबतीत अडचण शेवटी कपड्यांवर आणि जागेवर येऊन थांबते. दोन्ही बाजूंनी. घरचे म्हणतात, असल्या कपड्यांत नको. तलाववाले म्हणतात, नियमातल्या कपड्यांतच यावं लागेल. माझ्या भाचीला एका तलावावर अंगभर पोशाख घातला म्हणून परत पाठवलं होतं. तो पोशाख पोहण्याच्याच कापडाचा होता. या दोन नियमांच्या कात्रीत तिचा उन्हाळा गेला. फ्रान्समध्ये २०१६ च्या उन्हाळ्यात काही शहरांनी किनाऱ्यावर बुर्किनीला बंदी घातली, तेव्हा आपण सगळे चिडलो. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यातल्या एका बंदीला स्थगितीही दिली. चिडणं बरोबरच होतं. पण जी मुलगी बुर्किनी घालून पोहू शकत नाही आणि जी आपल्याच घरच्यांमुळे पाण्यापर्यंत पोहोचत नाही, त्या दोघींचं नुकसान सारखंच आहे.

बुर्किनी कुठून आली हेही पाहा. लेबनीज मूळ असलेल्या अहेदा झानेट्टी यांनी ती ऑस्ट्रेलियात तयार केली, मुस्लिम मुलींना खेळता-पोहता यावं म्हणून. २००५ मध्ये सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर अरब वंशाच्या लोकांविरुद्ध दंगल झाली. त्यानंतर तिथल्या जीवरक्षक संघटनेने मुस्लिम तरुणांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम घेतला आणि मक्का लाला ही तरुणी बुर्किनी घालून जीवरक्षक झाली. जिथून तिच्या लोकांना हाकलायचा प्रयत्न झाला, तिथे ती इतरांचे जीव वाचवायला उभी राहिली. झांझिबार बेटाची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. चारी बाजूंनी समुद्र, बहुसंख्य लोक मुस्लिम, आणि मुलींना पोहता येत नाही. तिथे पांजे प्रोजेक्ट नावाच्या उपक्रमाने अंगभर पोशाख देऊन मुलींना समुद्रातच पोहायला शिकवलं. रिकामे कॅन धरून पाण्यावर उताण्या तरंगणाऱ्या मुलींचे तिथले फोटो जगभर गेले. तो कॅन पाहिला की मला आजोबांच्या पाठीवरचा डबा आठवतो.

एक साधी सूचनाही इथेच करतो. ओली ओढणी, सुती सलवार, जीन्स हे पाण्यात जड होतं आणि हातापायांत अडकतं. अंग झाकायचं असेल तर पोहण्यासाठी बनवलेल्या नायलॉन-लायक्राच्या कापडानेच झाका. पाण्यात साधे कपडे लज्जा राखत नाहीत आणि जीवही राखत नाहीत.

आता थोडं समुद्राच्या स्वभावाबद्दल. छातीत हवा भरलेली असेल तर माणसाचं शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, म्हणून आपण तरंगतो. समुद्राचं पाणी मिठामुळे नदीच्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून तिथे तरंगणं उलट सोपं. धोका खोलीपेक्षा ओढीचा असतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठेतरी अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जातं. नवख्याला तोच पट्टा शांत दिसतो, कारण तिथे लाटा कमी फुटतात. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. त्यातच माणूस दमतो. आधी तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडा. बुडणारा माणूस सिनेमासारखा ओरडत नाही, तो बहुतेकदा गप्प बुडतो. म्हणून एकमेकांवर नजर ठेवा.

भरती-ओहोटीचं गणित तर आपल्या हिजरी कॅलेंडरमध्येच आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे चांद दिसतो तेव्हा आणि चौदावी-पंधरावीच्या सुमारास, समुद्राला उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीची ओढही मोठी. सातवी-आठवी आणि बाविसावीच्या सुमारास ती कमी असते, कोकणात तिला भांग म्हणतात. रमजानचा चांद शोधायला आपण गच्चीवर चढतो. सहलीची तारीख ठरवतानाही एकदा चांदाकडे पाहायला काय हरकत आहे? आणि जीवरक्षक असलेला किनाराच निवडा. गोव्यात सरकारने २००८ पासून जीवरक्षक नेमले आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी, लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही.

मग करायचं काय? पैसा लागतो, तलाव लागतो, हे मला मान्य आहे. पण बांगलादेशने गावातल्या तळ्यात बांबूचा मांडव आणि कुंपण बांधून हजारो लेकरांना शिकवलं. त्यांची कसोटीही साधी आहे: २५ मीटर पोहणं आणि अर्धा मिनिट तरंगणं. ऑलिंपिकचं पदक कोणालाच नको आहे.

आपल्याकडे प्रत्येक गावात जमात आहे, तरुण मंडळ आहे, शिष्यवृत्ती देणारी एखादी संस्था आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळच्या शहरातल्या तलावाशी बोलून महिनाभराची बॅच ठरवा. मुलींसाठी वेगळी वेळ आणि प्रशिक्षक बाई मागा. पालिकेचा तलाव असेल तर अर्ज करून मागा, तो आपल्या कराच्या पैशाचा आहे. वेगळी वेळ मागताना शेजारच्या हिंदू, जैन, लिंगायत घरातल्या मुलींनाही बरोबर घ्या. त्यांच्याही घरी हीच अडचण आहे आणि मागणारे हात वाढले की दार लवकर उघडतं. शाळा-कॉलेजच्या सहलीला परवानगी देताना पालक म्हणून तीन प्रश्न विचारा: बरोबर पोहता येणारं कोण आहे, किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, ओहोटी किती वाजता आहे. उत्तरं मिळाली तर मुलीला पाठवा. घरात कोंडून ठेवणं ही सुरक्षितता नाही. कुरुंदवाडला तर पाणी घरातच येतं.

आमच्या गावच्या मशिदींनी गणपतीला जागा दिली, त्याचं कौतुक होतं आणि व्हायलाच हवं. विसर्जनाला आणि पंजांच्या दिवशी घाटावर खांद्याला खांदा लावून पोरं उभी असतात. त्या घाटावर पुढच्या वर्षी दहा पोरं आणि दहा पोरी अशा असाव्यात, ज्यांना कोणी पाण्यात पडलं तर दोरी कशी टाकायची, ट्यूब कशी फेकायची आणि स्वतः न बुडता बाहेर कसं काढायचं हे येतं. पडलेला माणूस कोणत्या मंडळाचा, कोणत्या मोहल्ल्याचा, हे पाणी विचारत नाही. वाचवणाऱ्यालाही ते विचारायची गरज पडू नये.