शिवगंगेच्या खोऱ्यातील थंडी मोजणार कोण?

वसंतपंचमी होऊन बारा दिवस लोटले होते. तरीही ९ फेब्रुवारी २०१२ रोजी नाशिकचा पारा २.७ अंशांपर्यंत उतरला, आणि थंडीची सवय नसलेल्या मुंबईनेही ८.८ अंशांची पहाट अनुभवली. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, हा ग्रामीण ठोकताळा सहसा चुकत नाही; परंतु उत्तरेतील हिमवृष्टीनंतरचे कोरडे वारे पंचांग पाहून वाहत नाहीत.

अशा वेळी वृत्तपत्रे 'पुण्याचे किमान तापमान' छापतात. ते असते शिवाजीनगरच्या वेधशाळेतील. कात्रजचा घाट उतरून खेड शिवापूर मागे टाकल्यावर सातारा रस्त्यालगत येणाऱ्या वरवे बुद्रुकला तो आकडा लागू पडेल, असे मानण्यास मात्र आधार नाही. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की डोंगरउतारावरील हवा रात्री निवते, जड होते व ओघळत खोऱ्याच्या तळाशी साचते. वरच्या टेपावरचा शेतकरी आणि नदीकाठचा शेतकरी एकाच गावचे असूनही पहाटे निरनिराळ्या हवेत उठतात.

नवल असे की, या विषयाचा पाया पुण्यातच घातला गेला. येथे १९३२ साली हवामान खात्याचा कृषिहवामान विभाग सुरू झाला. त्याचे धुरीण डॉ. एल. ए. रामदास यांनी त्याच सुमारास दाखवून दिले की, शांत रात्री सर्वांत गार हवा मातीला टेकलेली नसते, तर किंचित वर, म्हणजे नेमकी पिकाच्या उंचीवर असते. वेधशाळेचा तापमापक मात्र झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर!

थंडी सर्वच पिकांची वैरी नव्हे. लांबलेला गारठा गव्हाचा दाणा भरण्यास पोषकच ठरतो. मोहोरलेल्या आंब्याचे तसे नाही. फळधारणा मंदावते, आणि पुन्हा मोहोर फुटला तर आधी धरलेली कैरी गळते. रात्री पाणी द्यावे की नाही, पहाटे धूर करावा की नाही, हे दोन-तीन अंशांवर ठरते. तेच अंश शेतकऱ्याच्या हाती नसतात.

'महावेध' योजनेखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, हे स्वागतार्हच. परंतु एका मंडळात अनेक गावे, माथा आणि तळ दोन्ही येतात. पाऊस मोजण्याची शिस्त आपण कधीच अंगी बाणवली. थंडीच्या बाबतीत ही उदासीनता का? ग्रामपंचायतीने शाळेच्या आवारात किमान-कमाल तापमापकाची एक पेटी उभारावी आणि रोज सकाळी साडेआठला मुलांनी वहीत आकडा लिहावा. तीन-चार हिवाळ्यांच्या नोंदी जमल्या, म्हणजे पुण्याच्या अंदाजातून वरव्यासाठी किती अंश वजा करावयाचे, हे त्या वहीतूनच सांगता येईल.