जोडकामाची जुनी जीप घेताना



उसाचे बिल जमा झाले, कापूस विकला गेला, की घरात एक विषय हमखास निघतो. घरातला तरुण मुलगा म्हणतो, "आपण एक जुनी जीप घेऊ." मागणी वेडेपणाची नाही. वस्तीपासून गाव दोन-तीन किलोमीटर, मध्ये ओढा, पावसाळ्यात पाणंदीत गुडघाभर चिखल. अशा वाटेवर चारही चाकांना जोर देणारी गाडी असली, तर आजारी माणसाला वेळेवर दवाखाना गाठता येतो आणि पोरांची शाळा बुडत नाही. नवी गाडी आवाक्यात नसते, म्हणून जुनी पाहायची. एवढ्यात कोणीतरी तालुक्याला रंगवून उभी केलेली, रुंद टायरांची, झोकदार जीप दाखवितो आणि मुलगा तिच्यावर भाळतो.

ही जीप बहुधा जोडकामाची असते. म्हणजे सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचे, गिअर बॉक्स तिसरीचा आणि वरचा पत्रा कारखान्यात नव्याने ठोकलेला. जोडकाम हे मुळात वाईट नाही. आपल्या देशात जीप आली तीच सुट्या भागांच्या रूपात. 1947 साली महिंद्रांनी अमेरिकेच्या विलीज कंपनीचे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. पुढे लष्कराने लिलावात काढलेल्या जीपगाड्या लोकांनी घेतल्या, दुरुस्त केल्या, पुन्हा बांधल्या. हरियाणातील सिरसा जिल्ह्यात मंडी डबवाली नावाचे गाव आहे. ते अशा जीप बांधण्याच्या धंद्यासाठीच ओळखले जाते.

इंग्लंडमध्ये तर मोटार सुट्या भागांत विकत घेऊन घरच्या अंगणात जोडण्याचा रिवाज जुना आहे. तेथील लोटस कंपनीने 1957 साली 'सेव्हन' नावाची छोटी मोटार अशी सुटी विकायला काढली. पूर्ण गाडीवर खरेदी-कर पडे, सुट्या भागांवर तो पडत नसे, हे त्यामागचे एक मोठे कारण. 1973 साली करपद्धत बदलली आणि ही सवलत संपली, पण हौस टिकली. आजही तेथे लोक अशी जुनी घरजोड मोटार घेतात, आठवडाभर रस्त्यावर चालवितात आणि सुटीच्या दिवशी पैसे भरून शर्यतीच्या धावपट्टीवर पळवितात. मात्र नव्याने जोडलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी तिची एकेक करून सरकारी तपासणी होते. गाडीचे वय किंवा मूळ सिद्ध झाले नाही, तर तिला 'क्यू' अक्षराचा वेगळा क्रमांक मिळतो. पाहणाऱ्याला लांबूनच कळते, की हिचे मूळ सांगता येत नाही.

आपल्याकडे अशी खूण नाही. गाडीचे मूळ ओळखण्याचे काम घेणाऱ्यालाच करावे लागते. म्हणून या सदरात आज एवढेच सांगायचे आहे, की आधी कागद पाहावा, मग सांगाडा आणि शेवटी इंजिन. बहुतेक लोक नेमके उलट करतात. इंजिनाचा आवाज ऐकतात, खूश होतात, इसार देतात आणि कागद "नंतर पाहू" म्हणतात.

आधी कागद

जमीन घेताना तुम्ही सातबारा पाहता, फेरफार पाहता, बोजा आहे का ते पाहता. गाडीचा सातबारा म्हणजे तिचे आर.सी. बुक. त्यावरचे मालकाचे नाव, चेसी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधन, गाडीचा प्रकार आणि नोंदणीची मुदत या सहा गोष्टी वाचाव्यात. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती 5-5 वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मुदत संपलेली गाडी घेतली, तर ती पास करून घेण्याचा आणि थकलेल्या कराचा भार तुमच्यावर येतो. बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याचा कागद हवा. हीच माहिती परिवहन खात्याच्या 'एम-परिवहन' या मोबाइल सोयीवर गाडीचा क्रमांक टाकून ताडून पाहता येते. घरातील शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला हे काम सांगावे.

कागद वाचला, की तो घेऊन गाडीखाली जावे. रॉकेलचा बोळा घेऊन सांगाड्यावरचा चिखल पुसावा आणि लोखंडावर ठोकलेला क्रमांक एकेक आकडा करून वाचावा. आकडे एका उंचीचे, एका ओळीत असावेत. तेथे घासल्याची चकाकी, वेल्डिंगचा ठिगळ किंवा ताज्या रंगाचा जाड थर दिसला, तर सौदा तेथेच सोडावा. गाडी कितीही गोजिरी असो, चोरीची निघाली तर पैसाही जातो आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्याही चढाव्या लागतात. गाडी लष्कराच्या लिलावातली आहे असे सांगितले, तर लिलावाचे मूळ कागद आणि त्यावरून झालेली नोंदणी दोन्ही मागावीत. तोंडी इतिहासावर भागत नाही.

इंजिनाचा क्रमांकही असाच ताडून पाहावा. जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविलेले सर्रास आढळते. आर.सी.वर 'पेट्रोल' आणि बॉनेटखाली डिझेल, असा प्रकार असेल तर तो बदल परवानगी घेऊन आर.सी.वर चढविलेला असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते, की कारखानदाराने ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिन बदलायचे तरी परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

नाव बदलण्याचे काम उद्यावर टाकू नये. नमुना 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या घ्याव्यात आणि 30 दिवसांच्या आत आर.टी.ओ.कडे अर्ज द्यावा. गाडी परराज्यातली असेल, तर तेथील ना-हरकत दाखला हवा. येथे 12 महिन्यांहून अधिक ठेवायची तर येथील नोंदणी आणि कर चुकत नाही. विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. एका प्रकरणात मालकाने 2007 साली गाडी विकली, ती पुढे हातोहात गेली, 2009 साली अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये निकाल दिला, की नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी दारातून गेली म्हणजे जबाबदारी गेली असे नव्हे.

मग सांगाडा

बैल घेताना आपण शिंगांचा रंग पाहत नाही. दात पाहतो, चाल पाहतो. तसे येथे पत्र्याचा रंग सोडून द्यावा. पत्रा बदलता येतो, सांगाडा हाच गाडीचा कणा आहे. गाडीखाली पडून दोन्ही लांब पट्ट्या टोकापासून टोकापर्यंत हातोडीने हलके ठोकाव्यात. सणसणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. भद्द आवाज आला तर आत गंज आहे. पाटे जेथे सांगाड्याला अडकविलेले असतात, तेथे तडे आणि वेल्डिंग शोधावे. मागच्या टोकाला चिखल साचून गंज जास्त लागतो. लोहचुंबक पत्र्यावर फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे पुट्टी भरलेली आहे असे समजावे.

सपाट जागी गाडी उभी करून पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर दोन्ही बाजूंनी दोरीने मोजावे. अंतर एकसारखे नसेल, तर सांगाडा वाकला आहे किंवा जोडणी चुकली आहे.

पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड झाली तर किंगपिन किंवा बेअरिंग झिजले आहे. मग गाडी 40-50 च्या वेगाने न्यावी. खड्डा लागताच पुढची चाके थडथडू लागली आणि स्टिअरिंग हातात नाचू लागले, तर त्या जीपमध्ये बायका-मुलांना बसवू नये. मोकळ्या जागी ब्रेक दाबून पाहावा. गाडी एका अंगाला ओढत असेल, तर ड्रम आणि लायनर पाहिल्यावाचून पुढे बोलू नये.

चार चाकांचा जोर पाहायचा तर नांगरलेल्या मऊ रानात पाहावा. गाडीखाली पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट जागेवर आहे ना, हेही पाहावे. कधी कधी तो काढून ठेवलेला असतो आणि दांडी मात्र दिमाखात हलते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून वळणे घेऊ नयेत. पुढची व मागची चाके वळणावर सारखी फिरत नाहीत, आणि त्याचा ताण दातांवर येतो.

शेवटी इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगावे, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ते गार असल्याची खात्री करावी. गरम इंजिन आपले दुखणे लपविते. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे. काळा धूर दाट असेल तर डिझेल नीट जळत नाही. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि ऑइलची काडी दुधाळ दिसली, तर पाणी आत शिरते आहे. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण काढावे. तेथून भसाभस धूर आला, तर रिंगा-पिस्टन संपत आले असे समजावे.

इंजिन दुसऱ्या गाडीचे असेल, तर ते कशावर बसविले आहे, शाफ्ट कापून जोडला आहे का, वायरिंगचे जोड उघडे आहेत का, हे आपल्या फिटरला पाहायला लावावे. जोडकामाच्या गाडीत आपण बांधणाऱ्या मेस्त्रीचा हात विकत घेत असतो. तो मेस्त्री कोण, हे विचारावे आणि शक्य तर त्याने बांधलेली दुसरी गाडी पाहावी.

हौस आणि संसार

तरुणांना रुंद, उंच टायर आवडतात. चिखलात, डोंगरात जीप पळविण्याच्या स्पर्धांची हौस आता आपल्या भागातही आली आहे. पण मुलांनो, गाडी उंच झाली की वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. चाक मोठे झाले की जुन्या ब्रेकला ते थांबवायला जास्त जोर लागतो. शिवाय काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो. स्पर्धेसाठी बांधलेली गाडी आईला दवाखान्यात नेण्यासाठी चांगली नसते. एकाच जीपकडून दोन्ही कामे घ्यायची असतील, तर ती संसाराच्या बाजूने बांधावी आणि स्पर्धेत दुसऱ्याची पळताना पाहावी.

विम्याचेही असेच आहे. खाजगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी बसत नाही. भाड्याने माणसे नेणे किंवा मालाची वाहतूक करणेही बसत नाही. बाजारच्या दिवशी दहा-दहा रुपये घेऊन माणसे भरली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पॉलिसी उघडून हेच कलम दाखविते. भरपाईसाठी मग शेत विकायची पाळी येऊ शकते. विमा आपल्या नावावर करण्यासाठी खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज द्यावा.

सौदा

आपला फिटर आपण न्यावा, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. सगळा पैसा गाडीत घालू नये. टायर, बॅटरी, ब्रेक आणि नोंदणीचा खर्च आधी वेगळा काढून ठेवावा व उरलेल्या रकमेतच किंमत बोलावी. इसार थोडा द्यावा, त्याची पावती घ्यावी, बाकी रक्कम कागदांवर सह्या झाल्यावर बँकेमार्फत द्यावी. "आज घेतली नाही तर उद्या जाईल," असे कोणी म्हटले, तर तिला खुशाल जाऊ द्यावे. अशा दुसऱ्या गाड्या मिळतात.

आणि एक शेवटचे. हा व्यवहार बापलेकांनी परस्पर उरकू नये. त्या जीपमधून रोज शाळेला जाणारी मुले आणि माहेरी जाणारी लेक घरातल्या बाईचीच आहेत. इसार देण्यापूर्वी कागद, सांगाडा आणि खर्चाचा हिशेब तिच्यासमोर मांडावा. तिने एखादी शंका काढली, तर ती फिटरला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

पुढील अंकी जुन्या ट्रॅक्टरची खरेदी आणि त्याच्या हायड्रॉलिकची पारख यांविषयी लिहीन.