कर्ता कोण?

शाळेत व्याकरण शिकवताना मी मुलांना एकच सांगायचे. आधी क्रियापद शोधा आणि मग त्यालाच विचारा, हे करणारा कोण? कर्ता सापडला की निम्मं वाक्य सुटलं. ही खोड अजून गेलेली नाही, आणि वर्तमानपत्र वाचताना ती फार छळते. "बियाणे उगवले नाही." "फवारणीतून विषबाधा झाली." पहिल्या वाक्यात व्याकरणाने बियाणं हाच कर्ता, म्हणजे गुन्हेगारही बियाणंच! ज्यांनी ते बॅगेत भरलं, शिवलं, विकलं, ते वाक्यात कुठेच नाहीत.

२०२० चा खरीप आठवा. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला. सुलतानपूरहून लोणारकडे जा की मेहकरकडे, पारावर एकच विषय होता, दुबार पेरणी. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली. कोर्टाला स्वतःहून पुढे यावं लागलं यातच सगळं आलं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १९६६ च्या बियाणे कायद्यात कलम १९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला पाचशे रुपयांपर्यंत. पुन्हा गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. छापखान्याची चूक नाही, आकडे हेच आहेत. १९६६ साली पाचशे रुपये म्हणजे मास्तरांचे काही महिन्यांचे पगार होते, तेव्हा त्याची जरब असेलही. २०२० साली सोयाबीनची एक बॅगसुद्धा त्यात येत नव्हती. अशा दंडाला शिक्षा म्हणायचं की धंद्याचा किरकोळ खर्च?

कुणी म्हणेल, कंपनी म्हणजे काही माणूस नव्हे, तिला तुरुंगात कसं टाकणार? हा युक्तिवाद न्यायालयात होऊन गेलाय. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ३ विरुद्ध २ असा निकाल दिला. कायद्यात कैद सक्तीची असली तरी कंपनी सुटत नाही, तिला दंड करता येतो. पुढे २०१० साली इरिडियम विरुद्ध मोटोरोला या प्रकरणात, कंपनीला मन नाही म्हणून फसवणुकीचा हेतूही नाही, हे म्हणणं फेटाळलं गेलं. जे लोक कंपनी चालवतात त्यांचं मन तेच कंपनीचं मन. मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेली कारवाई त्यामुळे पुन्हा उभी राहिली. म्हणजे कर्ता सापडलेला आहे. अडलंय ते पुढेच, शिक्षेपाशी.

भोपाळचंच बघा. डिसेंबर १९८४ मध्ये हजारो माणसं गेली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर आणला, तिथे कमाल शिक्षाच दोन वर्षं. निकाल लागला ७ जून २०१० ला, पंचवीस वर्षांनी! अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा आणि युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीला साधारण पाच लाख रुपये दंड. एवढ्या मरणांसाठी पाच लाख. गणिताच्या शिक्षकांनी भागाकार करून बघावा, माझा हात धजत नाही.

मग कायद्याचा बडगा बसतो कुणावर? शेवटच्या माणसावर. २०२३ साली राज्याने बोगस बियाण्यांविरुद्ध कडक विधेयकं आणली, तेव्हा नोव्हेंबरात कृषी केंद्रवाल्यांनी तीन दिवस दुकानं बंद ठेवली. त्यांचं म्हणणं मला पटलं. बंद बॅग आली तशी विकणारा दुकानदार आत काय आहे हे कसं सांगणार?

उलट बाजूही ऐकायला हवी. न उगवलेलं प्रत्येक शेत म्हणजे फसवणूक नव्हे. ओल कमी पडते, बी खोल जातं, घरी नीट न ठेवलेलं बी पेरलं जातं. म्हणून तर नमुना वेळेत प्रयोगशाळेत गेला पाहिजे आणि निकाल हंगाम संपायच्या आत आला पाहिजे. संचालकांचंही तसंच. नुसता संचालक आहे म्हणून कंपनीचा गुन्हा त्याच्या माथी मारता येणार नाही, त्याचा हात दिसला पाहिजे किंवा तसं कायद्यातच लिहिलेलं हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. योग्यच आहे. बियाणे कायद्याच्या कलम २१ मध्ये कारभार पाहणाऱ्यावर जबाबदारी लिहिलेली आहे. पण ती लिहून पुढे पाचशेच रुपये मागायचे, तर लिहिलं कशाला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात मोठ्या गुन्ह्याला ३० लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होती. आकडा मोठा वाटतो, पण १९६६ चे पाचशेही मोठेच वाटले होते! रुपयांत ठरवलेला दंड पडल्या-पडल्या झिजतो, आणि छोट्या उत्पादकाला जो मारून टाकेल तो मोठ्याला मुंगी चावल्यासारखाही लागणार नाही. आपल्याच २००२ च्या स्पर्धा कायद्यात उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाची सोय आहे. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या भांडणासाठी जे माप चालतं, ते शेतकऱ्याच्या हंगामासाठी का चालू नये?

दुसरी मागणी बिनपैशाची आहे. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्याने, कंपनीच्या घोर हलगर्जीपणामुळे माणूस मेला तर न्यायालय कंपनीला स्वतःचा गुन्हा जाहीर करायला लावू शकतं. आपल्याकडेही दोषी ठरलेल्या कंपनीने निकाल मराठीत छापावा आणि तिचा माल विकणाऱ्या प्रत्येक कृषी केंद्राच्या दारावर पुढचे दोन हंगाम लावावा. जाहिरातीत हसरा शेतकरी छापता येतो, तर हेही छापता येईल.

तोवर निदान आपण तरी वाक्य पुरं लिहू या. बियाणं उगवलं नाही, एवढ्यावर थांबायचं नाही. कुणाचं बियाणं, कुणी भरलं, कुणी तपासलं, तेही लिहायचं. बॅग, लेबल आणि पावती जपून ठेवायची. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचायचा, आणि त्यात कर्त्याची जागा रिकामी असेल तर सही करायची नाही.