दासोह, उचल आणि ‘भागीदारी’

‘भागीदारी’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. दोघांपैकी एकाच्या हाती पैसा आहे, मोजपट्टी आहे आणि हवे तेव्हा उठून जाण्याची मुभा आहे. दुसऱ्याच्या वाट्याला केवळ आजार आहे. अशा दोघांच्या संबंधाला भागीदारी म्हणावे काय, हा प्रश्न आधी भाषेचा आहे आणि मग अर्थशास्त्राचा. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग, श्वसनाचे जुनाट विकार यांचा प्रतिबंध आंतरराष्ट्रीय भागीदारीच्या निधीतून करावा, असे सप्टेंबर २०११ मधील संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या उच्चस्तरीय बैठकीपासून सतत सांगितले जात आहे. साहित्याच्या विद्यार्थ्या-शिक्षकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, पैसा शब्दांच्या वाटेने येतो आणि शब्दांच्याच वाटेने अडतो. आणि शब्द तपासणे हे तर आपले काम आहे.

प्रथम वस्तुस्थिती. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानुसार २०२१ साली या आजारांनी जगात किमान ४ कोटी ३० लाख माणसे मेली. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. आणि आरोग्यासाठी दिल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मदतीत या आजारांचा वाटा कित्येक वर्षे दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळत राहिला. एड्स, क्षय व हिवताप यांच्यासाठी २००२ मध्ये स्वतंत्र जागतिक निधी उभा राहिला, तसा या आजारांसाठी राहिला नाही. याचे एक कारण उघड आहे. साथ सीमा ओलांडते, म्हणून दात्यालाही तिची भीती वाटते. बीडच्या बाईचा रक्तदाब न्यूयॉर्कपर्यंत पोहोचत नाही.

हीच भीती शब्दांतही उतरली आहे. ‘असंसर्गजन्य’ हे नावच पाहा. आजार काय आहे हे ते सांगत नाही. काय नाही तेवढे सांगते. नकाराने बांधलेल्या नावाला करुणा चिकटत नाही आणि पैसाही चिकटत नाही. दुसरे नाव ‘जीवनशैलीचे आजार’. हे तर अधिक घातकी, कारण ‘शैली’ म्हटले की निवड आली. लेखकाला शैली असते, कारण त्याच्यापुढे दहा शब्दांतून एक उचलण्याची मोकळीक असते. ज्या कुटुंबापुढे दहातला एकही पर्याय नाही, त्याच्या जगण्याला शैली म्हणणे हा भाषेचा गुन्हा आहे, असे आम्हांस वाटते.

हे सारे अमूर्त वाटत असेल तर कपिलधारकडे यावे. बीड तालुक्यात, मांजरसुंब्याजवळच्या डोंगरात, धबधब्याशेजारी वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची संजीवन समाधी आहे. ‘परमरहस्य’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे, हे आपल्या वाङ्मयेतिहासाच्या वर्गांत एका ओळीत उरकले जाते. कार्तिक पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते; मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसे येतात, पायी दिंड्या येतात. पण याच सुमारास बीड जिल्ह्यातून माणसे बाहेरही पडत असतात. २०२४ साली राज्याच्या गळीत हंगामासाठी १५ नोव्हेंबर ही तारीख ठरली होती. कार्तिक पौर्णिमाही त्याच दिवशी होती. ज्या दिवसांत भाविक डोंगर चढतात, त्याच दिवसांत ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघालेल्या असतात, त्या वसंत सरता सरता परततात.

या टोळ्यांची स्वतःची परिभाषा आहे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात. कामावर न गेल्यास जो दंड कापला जातो तो ‘खाडा’. ही तीन नामे ज्या आयुष्याचे व्याकरण आहेत, त्यात ‘रोज अर्धा तास चाला, मीठ कमी करा, ताण घेऊ नका’ हे आज्ञार्थ कुठे बसवायचे? खाड्याच्या भीतीचा एक परिणाम तर सरकारदरबारी नोंदला गेला आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. बीजकोशही काढले गेले असतील तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हृदयविकाराचा व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. म्हणजे एक दीर्घकालीन आजार येथे मजुरीच्या अटींतून घडवला जातो. त्याला कोणाची जीवनशैली म्हणणार?

आता भागीदारीच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे, जागतिक आरोग्य संघटना आणि ‘रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज’ ही अमेरिकी संस्था त्यात होती. या संस्थेला ब्लूमबर्ग, गेट्स व झुकेरबर्ग यांच्या दानसंस्थांनी मिळून २२.५ कोटी डॉलर दिले होते. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. मोजकी, स्वस्त, पेटंटमुक्त औषधे, एक साधी उपचारपद्धती, परिचारिकेकडून तपासणी आणि रुग्णाचा पाठपुरावा, एवढाच त्याचा गाभा. तो शंभराहून अधिक जिल्ह्यांत पसरला, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. हे यश खरे आहे. ते नाकारणाऱ्या स्वदेशीच्या आवेशाशी आमचे जमत नाही. शेजारच्या जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले, तेव्हाही परदेशी मदत लागली होती. ‘परका पैसा म्हणजे कारस्थान’ म्हणणाऱ्यांनी जामखेड पाहून यावे.

मग आमचा आक्षेप कशाला? आक्षेप काळाला आहे. रक्तदाबाची गोळी मरेपर्यंत घ्यायची असते. प्रकल्पाचा अनुदान-करार तीन-पाच वर्षांचा असतो. आयुष्यभराच्या आजाराला मुदतबंद पैसा जोडणे म्हणजे विहीर खणून दोर भाड्याने आणणे होय. दोर कधी काढून घेतला जाईल हे विहिरीवरच्या माणसाला कळत नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या एका सहीने त्या देशाची परदेशी मदत थांबली आणि त्याच वर्षी १ जुलैला त्यांची मदतसंस्था, यूएसएड, व्यवहारतः बंद झाली. जगभरातल्या दवाखान्यांतून माणसांना परत पाठवावे लागले. २५ सप्टेंबर २०२५ च्या चौथ्या उच्चस्तरीय बैठकीत दीर्घकालीन आजारांवरील घोषणापत्रालाच अमेरिकेने विरोध केला. ज्याला भागीदार म्हटले तो उठून गेला. भागीदारीचा मसुदा टेबलावर राहिला.

बीडच्या भाषेत सांगायचे तर, आंतरराष्ट्रीय अनुदान ही एक उचल आहे. ती आधी मिळते, तिच्याबरोबर मोजणी येते, उद्दिष्ट हुकले की खाडा लागतो, आणि मधे मुकादमासारखा सल्लागारांचा एक थर उभा राहतो. उचलीने घर चालते, हे खरे. उचलीवर घर बांधता येत नाही.

आणि येथेच कपिलधारच्या परंपरेतला एक शब्द आम्हांस आठवतो : दासोह. बाराव्या शतकातील शरणांनी ‘कायक’ आणि ‘दासोह’ ही जोडी दिली. कष्टाने मिळवायचे आणि त्यातले समाजाला द्यायचे. देताना मात्र देणाऱ्याने स्वतःला दास मानायचे. ‘दाता’ हा शब्दच या विचारात बसत नाही, कारण दिलेले मुळात आपले नव्हतेच. यात्रेतल्या अन्नदानाला प्रकल्पाची मुदत नसते. पुढच्या कार्तिकात ते पुन्हा होणार हे गृहीत असते. दिंडीच्या पंगतीतून कोणी मधुमेहाचा दवाखाना काढावा, असा भोळा सल्ला आम्ही देत नाही. श्रद्धेने राज्यसंस्थेचे काम करावे, ही अपेक्षा राज्यसंस्थेला सुटका देणारी आहे. दासोहातून घ्यायचे ते एवढेच, की देणे हे कर्तव्य असेल तर ते दरवर्षी व्हावे लागते आणि घेणाऱ्याला त्यासाठी हात जोडावे लागत नाहीत. आधुनिक भाषेत अशा देण्याला कर म्हणतात.

त्या कराचा नमुनाही येथेच आहे. ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये आणि शासनाने तेवढीच भर, असा निर्णय झालेला आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू, मद्य आणि साखरयुक्त पेये यांच्या किमती २०३५ पर्यंत करांद्वारे किमान निम्म्याने वाढवाव्यात असे आवाहन केले. ही दोन टोके जोडून पाहावीत. ज्या साखरेने शहरात मधुमेह वाढतो, ती साखर तोडताना बीडच्या बाईचे शरीर झिजते; तेव्हा त्या साखरेतूनच तिच्या औषधाचा कायमचा पैसा निघाला पाहिजे, आणि तो तिच्यामागे फडापर्यंत गेला पाहिजे. आंतरराष्ट्रीय भागीदाराने पद्धती शिकवावी, पहिली काही वर्षे आधार द्यावा आणि जाण्याची तारीख आधीच सांगावी. भारतात सरकारचा आरोग्यखर्च २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचा शब्द दिला होता. एकूण खर्चातला ३९.४ टक्के भार २०२१-२२ मध्येही कुटुंबांनी स्वतःच्या खिशातून उचलला. खरी भागीदारी कोणाची चालली आहे, हे हे आकडेच सांगतात.

तेव्हा वर्गात ‘परमरहस्य’चे नाव उच्चारताना त्याच डोंगराखालून फडाकडे निघालेल्या टोळीचेही वाचन व्हावे, अशी आमची मागणी आहे. आणि यापुढे ‘भागीदारी’ हा शब्द ऐकला की एकच प्रश्न विचारावा : यातला कोणता भागीदार उठून जाऊ शकत नाही? ज्याला जाता येत नाही, निधीचा हिशेब त्याच्या नावाने आणि त्याच्या आयुष्याच्या मुदतीने मांडला गेला पाहिजे.