राजवाडा पाहावा, पण कसा?

सुटीचे दिवस आले की मुंबईच्या उपनगरांतील आपली पुष्कळ मंडळी बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा पाहावयास जातात. अंधेरी-बोरिवलीकरांस गाडी दाराशीच; मुलुंड-घाटकोपरची मंडळी दादरास गाडी बदलतात. मुलांस चार गावे दाखवावी हे चांगलेच. पण राजवाडा डोळे दिपवून घेण्यासाठी पाहावा की डोळे उघडण्यासाठी, एवढाच आमचा सवाल आहे.

राजवाडा भव्य आहे यात शंका नाही. मेजर मँट या इंग्रजाने त्याचा आराखडा केला. तो १८८१ साली वारल्यावर चिझम याने काम पुढे नेले आणि १८९० साली ते पुरे झाले. भोवतालचे बगीचे विलायतेतील क्यू येथील बागेत काम केलेल्या विल्यम गोल्डरिंग याने आखले. आज राजघराण्याची वस्ती तेथेच असून वाड्याचा काही भाग तिकीट काढून पाहता येतो. मँट, चिझम, गोल्डरिंग ही नावे पुस्तकांत राहिली. पण ज्या पाथरवटांनी दगड घडविले, ज्या सुतारांनी लाकूड कोरले, ज्या माळ्यांनी उन्हाळ्यात पाणी घालून झाडे जगविली, त्यांची नावे कोठे आहेत? आणि पैसा कोणाचा? खेड्यातील कुणब्याने भरलेल्या साऱ्याचाच ना?

कोणी म्हणेल, सयाजीरावांसारख्या राजाविषयी ही कुरकूर कशाला? आम्ही कुरकूर करीत नाही. उलट त्या राजाचे मोठेपण झुंबरांत शोधू नका, असे आमचे म्हणणे आहे. सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातले पोर. १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसले. राजवाड्याचे काम चालू होते त्याच काळात जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि महाराजांनी तो त्यांच्या तोंडून ऐकून घेतला. पुढे १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. हा खरा राजवाडा. याला भिंती नाहीत आणि तिकीटही नाही.

तरीही राजाचा हुकूम एका ठिकाणी लंगडा पडला. तेही मुलांस सांगितले पाहिजे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत शिकावयास गेले. परत येऊन १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांस राहावयास खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात जात लपवून राहिले; ते उघड होताच काठ्या घेऊन जमाव आला आणि त्यांस बाहेर पडावे लागले. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. ज्या राजाने त्यांस सातासमुद्रापार पाठविले, त्याच राजाच्या राजधानीत झाडाखालच्या सावलीखेरीज त्यांस आसरा उरला नाही. राजाने शाळा उघडली. शेजाऱ्याने दार उघडले नाही. यात दोष कोणाचा, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे. आजही आमच्या उपनगरांत भाड्याची खोली देताना आडनाव विचारणारे थोडे आहेत काय?

ही बाग अजून आहे. १८७९ साली ती लोकांकरिता केली. आज तिला सयाजीबाग म्हणतात. आंबेडकर बसले होते त्या जागेस संकल्पभूमी असे नाव आहे. राजवाड्याची हिरवळ दुरून पाहावयाची. या बागेत कोणीही बसावे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. बडोद्यास जा, राजवाडा अवश्य पाहा. आत शिरताना मुलांस म्हणा, हे आपल्यासारख्यांच्या हातांनी उभे राहिले. बाहेर पडल्यावर मात्र थेट स्टेशनाकडे वळू नका. सयाजीबागेत जा, झाडाखाली बसा, बरोबरची भाकरी सोडा आणि पाच तासांची ती हकीकत मुलांस सांगा. घरी परतल्यावर, शेजारच्या चाळीत खोली मागावयास कोणी आला तर त्याचे आडनाव विचारू नका. एवढे झाले तर गाडीभाडे वसूल झाले असे आम्ही समजू.