हडल्स्टन यांचा बहिष्कार

ट्रेव्हर हडल्स्टन यांना संतपदी बसवून मोकळे होण्याची सोय सर्वांनाच मानवली आहे. स्वयंपाकाचे काम करणाऱ्या एका काळ्या बाईला पाहून टोपी उतरवणारा गोरा पाद्री. तिच्या क्षयग्रस्त मुलाला, डेस्मंड टुटूला, इस्पितळात नेमाने भेटणारा पाद्री. ह्यू मासेकेला या पोराला ट्रंपेट मिळवून देणारा पाद्री. गोष्टी खऱ्या आहेत, गोडही आहेत. परंतु प्रिटोरियाच्या सरकारला या गोडव्याचे भय कधीच नव्हते. भय होते ते त्यांच्या मागणीचे : वर्णद्वेष्ट्यांचा माल घेऊ नका, त्यांना भांडवल पुरवू नका.

मिरफील्डच्या मठातून १९४३ साली जोहान्सबर्गला गेलेल्या या मिशनऱ्याला अर्थशास्त्र सोफियाटाउनने शिकवले. त्या वस्तीत काळ्या माणसाला जमिनीची मालकी मिळत असे, आणि हाच तिचा गुन्हा होता. फेब्रुवारी १९५५ मध्ये सुमारे दोन हजार पोलीस आणून ती उठवण्यास प्रारंभ झाला. पुढे तेथे गोऱ्यांसाठी वसवलेल्या उपनगराचे नाव ठेवले ‘ट्रायम्फ’, म्हणजे विजय! १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याचा हेतूही हाच. खाणीला आणि शेतमळ्याला स्वस्त हात हवे होते, शिकलेली डोकी नकोत. हडल्स्टन यांच्या संघाने सेंट पीटर्स ही नामांकित शाळा सरकारच्या हवाली करण्याऐवजी बंद केली. यात मुलांचे नुकसान झाले हे नाकारण्यात अर्थ नाही. पण दास्याचा अभ्यासक्रम मिशनच्या हाताने शिकवणे त्याहून वाईट ठरले असते.

चर्चचे वरिष्ठ मात्र अस्वस्थ झाले. कँटरबरीचे आर्चबिशप फिशर यांना त्यांची पद्धतच अमान्य होती. अखेर संघाने त्यांना मायदेशी बोलावले. पुढे मसासी, स्टेप्नी, मॉरिशस अशी बिशपपदे आली. खरे काम दुसरेच होते. जून १९५९ मध्ये लंडनला ज्युलियस न्येरेरे यांच्यासमवेत बहिष्कार चळवळीच्या व्यासपीठावर ते उभे राहिले आणि १९८१ पासून वर्णद्वेषविरोधी चळवळीचे अध्यक्ष झाले.

‘निर्बंधांनी काळ्या मजुराचेच पोट मारले जाईल’, हा थॅचरबाईंचा आवडता युक्तिवाद. मजुराच्या पोटाची ही कळकळ त्याचे वेतन ठरवताना कोठे जाते? बहिष्काराची हाक खुद्द लुथुलींनीच दिली होती. आणि भारताने तर १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. १९८५ मध्ये काळ्या वस्त्या पेटल्यावर चेस मॅनहॅटन बँकेने अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण नाकारले. सप्टेंबरात प्रिटोरियाला परतफेड स्थगित करावी लागली. बँकेला देव आठवला नव्हता, बुडीत कर्ज दिसले होते. वस्त्या आणि कामगार संघटना लढल्या नसत्या तर तेही दिसले नसते.

हडल्स्टन १९९८ मध्ये वारले. त्यांची रक्षा सोफियाटाउनच्या ख्राइस्ट द किंग चर्चच्या आवारात आहे. २००६ साली वस्तीला तिचे जुने नाव मिळाले. पाडलेली घरे नावाबरोबर परत आली नाहीत.